शहराची दुसरी किल्ली

बॅंकेत नोकरीला लागलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट समजते. तिजोरीच्या किल्ल्या दोन असतात आणि त्या दोन वेगवेगळ्या माणसांच्या ताब्यात असतात. एकट्याला तिजोरी उघडता येत नाही. त्या दोघांची कितीही दोस्ती असो, रोज एका डब्यातले जेवत असोत, किल्ल्या दोन म्हणजे दोन. यात कोणी कोणाला चोर समजत नाही. नियम करणाऱ्याने एवढेच ओळखले आहे की, माणूस भला असला तरी लोकांची ठेव एकट्याच्या भलेपणावर सोडायची नसते.

आमची उमेद बॅंकेच्या काउंटरमागे गेली, त्यामुळे शहराच्या राजकारणाकडे बघतानाही आम्हाला ही किल्लीच आठवते. वाचकांनी हा दोष पदरात घ्यावा. या अंकात आम्हाला म्हणायचे आहे ते थोडक्यात असे की, इंदूरच्या तिजोरीची दुसरी किल्ली हरवली आहे. ती हरवण्यात आपल्या मराठी समाजाचाही वाटा आहे. आणि ती शोधायची सुरुवात आपल्याच मंडळाच्या ओटल्यापासून करावी लागेल.

आपले पत्रक कोणत्याही पक्षाचे नाही. आपल्या सभासदांत सकाळी शाखेत जाणारे आहेत, गांधीटोपी कपाटात जपून ठेवलेले आहेत, आणि एकेकाळी लाल झेंड्याखाली मिलच्या फाटकावर उभे राहिलेलेही आहेत. तेव्हा पुढचे लिखाण कोणाला पाडण्यासाठी किंवा कोणाला चढवण्यासाठी आहे, असे कृपया कोणी समजू नये.

२०२४ ची लोकसभा निवडणूक आठवा. २९ एप्रिल हा अर्ज मागे घेण्याचा शेवटचा दिवस होता. त्या दिवशी कॉंग्रेसचे उमेदवार अक्षय कांती बम यांनी अर्ज मागे घेतला आणि ते भारतीय जनता पक्षात गेले. १३ मे रोजी मतदान झाले तेव्हा यंत्रावर नावे पुष्कळ होती, पण सामना नव्हता. मतदानाच्या रांगेत आमच्या पुढे उभे असलेले एक काका म्हणाले, "भिया, आखाड्यात पहिलवानच एक असेल तर दंगल कसली?" निकाल लागला. शंकर लालवानी यांना १२,२६,७५१ मते मिळाली आणि ते ११,७५,०९२ मतांनी निवडून आले. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ५१,६५९ मते होती. आणि 'नोटा', म्हणजे यापैकी कोणीही नको, या बटणावर २,१८,६७४ इंदूरकरांनी बोट ठेवले. देशात कोणत्याही मतदारसंघात तोवर 'नोटा'ला एवढी मते पडलेली नव्हती.

या सव्वादोन लाखांच्या आसपासच्या मतांचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या सोयीने लावला. कॉंग्रेसने 'नोटा'चे आवाहन केले होते, त्यामुळे तो आमचा विजय, असे ते म्हणाले. भाजपचे लोक बारा लाखांचा आकडा दाखवून मोकळे झाले. आम्हाला मात्र त्यात एक जुने इंदूर दिसले, ज्याला निवड करायची सवय होती आणि ती हिरावली गेली म्हणून जे खट्टू झाले होते.

त्या जुन्या इंदूरबद्दल नव्या पिढीला सांगितले पाहिजे, कारण त्यांनी ते पाहिलेले नाही. आपल्या शहराला लोक उदार म्हणत, ते काही सराफ्यात रात्री दोन वाजेपर्यंत खायला मिळते म्हणून नव्हे. वेगळ्या मताचा, वेगळ्या भाषेचा माणूस त्याच ओटल्यावर बसून बोलू शके म्हणून म्हणत.

भाषेचेच घ्या. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इंदुरात १९१७, १९३५ आणि २००१ अशा तीन वर्षी भरले. १९१७ ला अध्यक्ष होते गणेश जनार्दन आगाशे, १९३५ ला औंधचे पंतप्रतिनिधी आणि २००१ ला विजया राजाध्यक्ष. आता दुसरी बाजू बघा. हिंदी साहित्य संमेलन इंदुरात १९१८ आणि १९३५ मध्ये भरले, आणि दोन्ही वेळा अध्यक्ष होते महात्मा गांधी. दक्षिणेत हिंदीचा प्रचार करण्याचे काम १९१८ च्या त्या इंदूर संमेलनातून पुढे गेले. म्हणजे १९३५ साली एकाच शहराने मराठीचाही मांडव घातला आणि हिंदीचाही. गादीवर मराठी राजघराणे, रस्त्यावर माळवी आणि हिंदी. तरी एका मांडवामुळे दुसरी भाषा बुडेल, अशी भीती कोणाला वाटली नाही.

पुढच्या काळात या शहरातले हिंदी दैनिक 'नईदुनिया' मोठे झाले ते राहुल बारपुते यांच्या संपादकपदाच्या वर्षांत. बारपुते घरी मराठी बोलणारे. त्यांच्या हाताखाली राजेंद्र माथुर यांच्यासारखे पत्रकार तयार झाले. या दैनिकातला वाचकांच्या पत्रांचा रकाना घराघरांत वाचला जाई. नळाला पाणी नाही इथपासून व्हिएतनामपर्यंत लोक पत्रे लिहीत आणि एकमेकांना खोडून काढीत. सकाळी पोह्यांच्या गाडीवर त्या पत्रांवर वाद होत. आपल्या वडिलांच्या पिढीने लोकशाहीचे धडे गिरवले ते या रकान्यात आणि या गाड्यांवर.

राजकारणातही तेच. १९६२ साली इंदूरने लोकसभेत पाठवले होमी दाजींना, अपक्ष म्हणून. दाजी कम्युनिस्ट, आणि पारशी. या शहरात पारशी मते ती किती! जातीची गोळाबेरीज नाही, भाषेची नाही, पैशाची नाही. मिलमजुरांचा वकील आणि त्यांचा माणूस, एवढ्याच भांडवलावर ते निवडून आले. १९६७ मध्ये हेच शहर कॉंग्रेसचे प्रकाशचंद्र सेठी यांच्याकडे वळले. आणीबाणीनंतर १९७७ मध्ये त्याने जनता पक्षाचे कल्याण जैन निवडले. १९८० आणि १९८४ मध्ये पुन्हा सेठी. ते मुख्यमंत्री राहिलेले, केंद्रात मंत्री असलेले. आणि १९८९ मध्ये याच सेठींना हरवून सुमित्राताई महाजन दिल्लीला गेल्या. कोणीही इंदूरला गृहीत धरू शकत नव्हते. जो निवडून येई त्याला ठाऊक असे की, हे शहर पाच वर्षांनी हिशेब मागते.

मग हे बदलले कसे? आम्हाला दिसणारी कारणे सांगतो. ती सगळी असतील असा दावा नाही.

पहिले कारण म्हणजे मिल. मालवा, हुकुमचंद, राजकुमार, स्वदेशी, कल्याण, भंडारी ही नुसती कारखान्यांची नावे नव्हती. त्या शाळा होत्या. पाळी सुटली की फाटकावर सभा. इंटकचा वक्ता बोले, लाल झेंड्याचा बोले, आणि ऐकणारे तेच कामगार असत. हुकुमचंद मिलने १९२४ पासून अनंत चतुर्दशीला झांकी काढायला सुरुवात केली. गणपती मराठी माणसाने आणला असेल, पण त्या रात्रीची मिरवणूक साऱ्या मजुरांची झाली. १९९१ च्या डिसेंबरात हुकुमचंद मिल बंद पडली आणि एकेक करून बाकीचे भोंगेही थांबले. झांक्या आजही निघतात, वर्गणी गोळा करून निघतात, त्याचे कौतुकच आहे. पण फाटकावरची सभा गेली ती परत आली नाही. प्रश्न विचारायला शिकवणारी शाळाच बंद झाली.

दुसरे कारण कॉंग्रेसचे स्वतःचे. आपसातल्या भांडणातून या पक्षाला कधी सवड मिळाली नाही. विरोधी पक्ष म्हणून पाच वर्षे वॉर्डात पाय झिजवायचे असतात, हे तो विसरला. शेवटच्या दिवशी उमेदवारच निघून जातो, यावरून त्या घराची अवस्था समजते.

तिसरे कारण भाजपच्या बाजूचे आहे आणि ते न्यायाने सांगितले पाहिजे. या पक्षाने घरोघर माणसे जोडली. ताई लग्नाला आल्या, बारशाला आल्या, स्टेशनवर मुलीला गाडीत जागा मिळवून द्यायला कार्यकर्ता आला. ही मेहनत खोटी नव्हती. १९८९ पासून आजवर लोकसभेला दुसरा पक्ष जिंकलेला नाही. २००० पासून महापौर त्याच पक्षाचा आहे. २०२३ च्या विधानसभेला जिल्ह्यातल्या नऊच्या नऊ जागा त्यांनी जिंकल्या. जिंकणे हा गुन्हा नाही. दुसरी किल्ली सांभाळायला समोर कोणी उरले नाही, हे दुखणे आहे, आणि ते जिंकणाऱ्यालाही शेवटी बाधते. ताईंनी स्वतः २०२४ च्या त्या प्रकाराबद्दल जाहीरपणे आश्चर्य आणि नापसंती व्यक्त केली होती. आठ वेळा लढून जिंकलेल्या बाईला न लढता मिळालेल्या जागेची किंमत बरोबर समजते.

कोणी विचारील, शहर तर उत्तम चालले आहे, मग दुसरी किल्ली हवी कशाला? २०१७ पासून स्वच्छतेत आपण देशात पहिले आहोत. हा मान खरा आहे आणि तो सफाई कामगारांच्या आणि ओला-सुका कचरा वेगळा करणाऱ्या गृहिणींच्या घामाचा आहे. बाहेरगावचा पाहुणा आला की आपणही त्याला रस्ते दाखवतो.

पण याच रस्त्यांवरची एक जुनी गोष्ट ऐका. १९१७ साली, शहरात प्लेगची धास्ती असताना, होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावले. त्याने दिवाळीला मोठी मिरवणूक काढायचे ठरवले आणि आधीच जाहीर केले की, मिरवणूक ज्या भागातले रस्ते आणि घरे सगळ्यात स्वच्छ दिसतील तिथून जाईल. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची मोठी प्रतिमा होती. मिरवणूक आपल्या दारावरून जावी म्हणून गल्ल्यागल्ल्यांनी घरे झाडली, डागडुजी केली, रंग दिले. १९१८ मध्ये त्याचा अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्याचे सांगणे असे की, आधी रोग ओळखा, मग औषध द्या. आणि रोग ओळखायचा तर गल्लीत पायी फिरा, तिथल्या माणसाला विचारा. सव्वाशे वर्षेही झाली नाहीत या गोष्टीला. स्वच्छतेचा पहिला धडा इंदूरने गिरवला तो लोकांना विचारून.

आणि आता डिसेंबर २०२५ ची अखेर आठवा. भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्याच्या नळात मैला मिसळला. देशातल्या सगळ्यात स्वच्छ शहरात नळाचे पाणी पिऊन माणसे मेली, कितीतरी दवाखान्यांत भरती झाली. पाण्याला वास येतो, रंग वेगळा आहे, हे तिथले रहिवासी आधीपासून सांगत होते. त्यांचे ऐकले का गेले नाही? एखादा अधिकारी निष्काळजी होता, एखादी पाइपलाइन जुनी होती, हे सगळे चौकशीत येईल. आमचा प्रश्न साधा आहे. पालिकेच्या सभागृहात ज्याची भीती वाटावी असा विरोधक असता, पुढच्या निवडणुकीत जागा जाण्याची धास्ती असती, तर त्या वासाची तक्रार इतके दिवस कागदात पडून राहिली असती का? बॅंकेत एक जण नोंद करतो आणि दुसरा ती तपासतो. तपासणारा नसला की पहिल्या दिवशी काही होत नाही. महिनाभरही होत नाही. पण चूक झाली की ती साचत जाते, आणि कळते तेव्हा रक्कम मोठी असते. इथे ती रक्कम माणसांच्या जिवात मोजावी लागली.

काउंटरवरचा एक अनुभव सांगतो. हुकुमचंद मिलच्या कामगारांचे थकलेले पैसे, सुमारे २२४ कोटी रुपये, देण्याचा कार्यक्रम २५ डिसेंबर २०२३ रोजी झाला. त्यानंतर काही आठवडे आमच्याकडे जुनी, कडा झिजलेली पासबुके येऊ लागली. एक आजी, आपल्यातल्याच, रोज अकराच्या सुमारास येत आणि खिडकीतून विचारत, "बाळा, मिलचे आले का रे?" पैसे नवऱ्याचे होते, नवरा जाऊन बरीच वर्षे झालेली. ज्या दिवशी नोंद छापून त्यांच्या हातात पासबुक दिले त्या दिवशी त्यांनी आकडा वाचलासुद्धा नाही. पदराने पासबुक पुसले आणि म्हणाल्या, "त्यांनी विचारणं सोडलं नाही, म्हणून आले." बत्तीस वर्षे कोर्टकचेरी करणारे ते कामगार मिलच्या फाटकावरच्या शाळेत शिकलेले होते. आम्हाला प्रश्न पडला, आजच्या इंदुरात बत्तीस वर्षे विचारत राहील असा माणूस कोण घडवतो आहे?

आता आपल्या समाजाकडे वळू. ताई होत्या तोवर आपण निर्धास्त होतो. आपलीच माणसे दिल्लीत, २०१४ ते २०१९ तर लोकसभेच्या अध्यक्षपदी. त्या काळात मराठी मोहल्ल्यांनी प्रश्न विचारणे सोडून दिले. मत आधीच ठरलेले, मग उमेदवाराला बोलवायचे कशाला, मागण्या लिहून द्यायच्या कशाला? २०१९ ला ताई उमेदवार नव्हत्या आणि मग आपल्याला जाग आली की आपल्याला कोणी विचारत नाही. तेव्हापासून आपल्या प्रत्येक बैठकीत एकच सूर असतो, "मराठी माणसाची या शहरात आता किंमत राहिली नाही." आमचे स्पष्ट मत असे आहे की, जे मत आधीच खिशात आहे त्याची किंमत कोणताही पक्ष देत नाही. आपल्या ठेवीवर व्याज मिळत नाही याची तक्रार करणाऱ्याने आधी बघावे की, आपण ती ठेव कोणत्या अटीवर ठेवली होती.

आणि घरातही आपण काय करतो? आपल्या मंडळाची कार्यकारिणी गेल्या तीन वेळा बिनविरोध निवडली गेली. पत्रकात आम्हीच अभिमानाने छापले होते, "एकमताने निवड". मागच्या वार्षिक सभेत एका तरुण सभासदाने सभागृहाच्या भाड्याच्या हिशेबाबद्दल विचारले. हिशेबात खोट नव्हती, हे आम्ही खात्रीने सांगतो, कारण बेरजा आम्ही तपासल्या होत्या. पण त्याला उत्तर मिळाले ते असे: "अरे, घरातल्या गोष्टी अशा चारचौघांत विचारतात का? आम्ही तुझ्या काकांच्या वयाचे." लोक हसले, चहा आला, सभा संपली. तो मुलगा त्यानंतर मंडळात आलेला नाही. आम्ही त्या दिवशी व्यासपीठावर बसलो होतो आणि आम्हीही गप्प बसलो. वडीलधाऱ्यांचा मान राखायचा होता. आज वाटते, त्या मुलाला हिशेबाचा कागद दाखवला असता तर वडीलधाऱ्यांचा मान वाढलाच असता. शहराची दुसरी किल्ली हरवली म्हणून आपण हळहळतो, आणि आपल्या घरची आपण स्वतः विहिरीत टाकली.

म्हणून नुसते सुस्कारे सोडण्यापेक्षा आम्ही तीन सूचना मांडतो. येत्या वार्षिक सभेत त्यावर मोकळी चर्चा व्हावी.

एक, मंडळाच्या कार्यकारिणीची निवडणूक या वेळी गुप्त मतदानाने घ्यावी. प्रत्येक पदासाठी किमान दोन अर्ज येतील असा प्रयत्न आम्ही सगळ्यांनी करावा. हरणाऱ्याला हिशेब तपासणीच्या कामात घ्यावे. हरलेला माणूस सगळ्यात बारकाईने तपासतो. आणि त्या तरुण सभासदाच्या घरी अध्यक्षांनी आणि आम्ही स्वतः जावे, हिशेबाची वही सोबत घेऊन.

दोन, २०२२ मध्ये निवडलेल्या महापालिकेची मुदत २०२७ मध्ये संपते. निवडणूक लागली की आपल्या भागातल्या वॉर्डांचे सगळे उमेदवार, लहान पक्षांचे आणि अपक्षसुद्धा, आपल्या सभागृहात एकाच बाकावर बसवावेत. प्रत्येकाला सारखा वेळ. हार-तुरे नाहीत. प्रश्न आधी लिहून घ्यावेत: पाण्याची तपासणी कोण करते, किती दिवसांनी करते, निकाल कुठे लावला जातो, तक्रार केली तर तिचा क्रमांक मिळतो का. कोणी आला नाही तर त्याची खुर्ची रिकामी ठेवून सभा चालवावी.

तीन, या पत्रकात पुढच्या अंकापासून वाचकांच्या पत्रांसाठी एक पूर्ण पान राखले जाईल. आम्ही शब्द देतो की, पहिले पत्र या अग्रलेखाच्या विरोधातलेच छापू. भाषा सभ्य असावी आणि खाली नाव असावे, एवढीच अट.

काही ज्येष्ठ म्हणतील, यामुळे समाजात फूट पडेल. आमचा अनुभव उलटा आहे. ज्या घरात जेवताना भावाभावांचा वाद होतो त्या घरातले भाऊ एकत्र जेवतात तरी. जिथे कोणी बोलतच नाही तिथे चुली कधीच वेगळ्या झालेल्या असतात.

आपल्या शहरापासून फार लांब नाही महू, जिथे १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. दर वर्षी आपण तिथे हार घेऊन जातो. ज्या माणसाने आयुष्यभर सोयीस्कर एकमताला नकार दिला, त्याला हार घालून परत येताना आपल्या सभेत एका मुलाचा प्रश्न चहात बुडवणे शोभत नाही.

दुसरी किल्ली म्हणजे दुसरा पक्षच, असे आम्ही म्हणत नाही. ती कोणत्याही सजग नागरिकाच्या हातात असू शकते. भागीरथपुऱ्यात पाण्याचा वास येतो म्हणून सांगणाऱ्या माणसाच्या हातात ती होती. अट एकच, तिला कुलपाला लागू द्यायला हवे.

वार्षिक सभेची तारीख मागील पानावर आहे. या वेळी चहा सभा संपल्यावर मिळेल. आधी प्रश्न.